टाकी फुल्ल, गाडी रांगेत

...नाही, पण मी म्हणतो, एअरपोर्टजवळ घर घ्या हा सल्ला मला दिला कुणी? "राजाभाऊ, दिल्लीत द्वारका बेस्ट, मेट्रो खाली, एअरपोर्ट वीस मिनिटं!" वीस मिनिटं आहे म्हणूनच तर मेलो ना! सांगलीपासून अकोल्यापर्यंत ज्याला म्हणून वैष्णोदेवीला जायचंय, ज्याची म्हणून मंत्रालयात फाईल अडकलीये, तो पहाटे पाचला माझ्या दारात, आणि आपल्यात पाहुण्याला एकट्याला जेवायला बसवतात का? नाही! सोबत कोण बसणार? मी!

तुम्हाला सांगतो, तीन महिन्यांपूर्वी जिना चढताना छातीत जड वाटलं म्हणून डॉक्टरकडे गेलो. पोरगीच हो ती, पंजाबी, माझ्या लेकीच्या, स्वानंदीच्या वयाची. रिपोर्ट बघितले आणि विचारते काय, "अंकल जी, गाड़ी सीएनजी है? सिलिंडर खाली हुआ तो?" म्हटलं, स्विच पेट्रोल पर जाता है. "बस, बॉडी का भी यही है. आपका स्विच जाम है."

म्हणजे बघा, खाल्लेलं संपलं की शरीरानं साठवलेली चरबी जाळायची. पण माझा सिलिंडर रिकामाच होत नाही, दर दोन तासांनी काहीतरी पडतंच आत, मग शरीर पेट्रोलवर चालायचंच विसरलं, साखर रक्तात, चरबी लिव्हरवर, आणि भार सगळा हृदयावर! पोटावर पेट्रोलची टाकी फुल्ल, आणि गाडी सीएनजीच्या रांगेत! उपाय काय, तर रात्री आठ ते सकाळी आठ फक्त पाणी, जेवल्यावर चालणं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आता हसू नका, पण माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्टनं गेले, आणि मला येत्या मार्चात अठ्ठावन्नावं लागतंय. भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू.

तर पहिला दिवस. आठला बायकोनं, लतिकानं झाकपाक केली, साडेआठला बेल. दारात कोण, तर तिचा भाऊ गुणवंत, जम्मूहून परत, उद्या पुण्याचं विमान. "भाऊजी, तुम्ही नाही तर मीही नाही," म्हणाला आणि ताटासमोर हाताची घडी घालून बसला! त्याची बहीण तिकडून माझ्याकडे बघतेय... बसलो. तो गेला तर लतिकाची मावशी, मावशी गेली तर भाची केतकी आणि तिचा नवरा, पहाटे पोहे, "अहो, दोन घास घ्या, बरं दिसत नाही." बारा तास उपाशी कसला राहतोय, माझ्या घरात दोन पाहुण्यांमध्ये बारा तासांची गॅप नाही! टाकी फुल्ल, गाडी रांगेत!

शेवटी गेल्या आठवड्यात धीर केला, फॅमिली ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: माझ्या हृदयाची तक्रार आहे, आठ ते आठ आमचं स्वयंपाकघर बंद. लिहिलं आणि सुटलो म्हटलं, यार!

कुठला सुटतोय? दुसऱ्या दिवशी नागपूरहून प्रभाआत्या हजर, वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, पहिल्यांदा एकटी विमानात बसली, का तर राजाच्या हृदयाला काहीतरी झालंय! मांडीवर काय, तर बेसनाच्या लाडवांचा डबा. रात्रीचे नऊ वाजलेले. मी हात जोडले, सिलिंडर, स्विच, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दादा असाच गेला रे माझा. शेवटी लाडू मागत होता, मी पथ्य म्हणून दिला नाही." आणि डबा पुढे केला.

आता सांगा, काय करणार होतो मी? खाल्ला. दोन खाल्ले. तिचे डोळे पुसले जाईपर्यंत खाल्ले!

सोमवारी तपासणी आहे. आत्यानं परतीचं तिकीट रद्द केलंय. म्हणते, तुझे रिपोर्ट नॉर्मल आल्याशिवाय मी इथून हलत नाही.