एकशे चाळीस गाण्यांची यादी

रोसारिओ शहरात बसच्या रांगेत एल्विराच्या मागे दोघे एकाच नळीने, आलटून पालटून, ‘माते’ नावाचा तिथला कडू चहा पीत भांडत होते.

“तुझी आवडत्या रॉक गाण्यांची यादी मिळाली, उलिसेस. जुनी-नवी एकशे चाळीस गाणी, आणि आपल्या बँडचं एकही नाही?”

“आवडत्या गाण्यांची यादी आहे रे.”

“एकोणीस वर्षं ड्रम कोण बडवतंय?”

“मीच. म्हणून तर सगळी ऐकावी लागली.”

“मग दर गुरुवारी माझ्या घरी सरावाला कशाला मरायला येत होतास?”

“तुझी आई मटण काय भाजते, फाबियान!”

“गाढवा! हा घोट घे आणि यादीत आपलं एक तरी गाणं टाक.”

“थँक्यू.”

“थँक्यू? ‘माते’ घेताना थँक्यू म्हटलं की त्याचा अर्थ ‘यापुढे नको’!”

“नकोच. बँडही नको.”

बस आली, दार उघडलं. रांगेतलं कोणीच चढेना.

“तुम्ही काय ऐकताय? चढा की!” फाबियान खेकसला.

एल्विरा म्हणाली, “थांब रे, तो बँड सोडतोय, त्याला उत्तर तर दे आधी.”