सेवेला निघालेले डॉक्टर

सेवेचं कौतुक मला सांगू नका, आमच्या विलासचं ऐका. गंगापूर रोडला दवाखाना त्याचा. नवे नवे मोबाईल आले होते तेव्हा गड्यानं जाहीर केलं, आफ्रिकेत तीन महिने फुकट सेवा करणार. झालं! जायच्या आधीच सत्कार सुरू. गणेश मंडळाचा, सोसायटीचा, बायकोच्या भिशीचासुद्धा. घरात शालींचा ढीग, आणि चाललाय कुठं, तर उन्हात!

एके सकाळी मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो, तेवढ्यात तिकडून फोन आला. फोन ठेवला तेव्हा याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"काय झालं रे?"

"तिथल्या दवाखान्याची मुख्य कोण आहे माहितीये? नर्स! ती सांगेल ते मी करायचं. मी, एमडी!"

"अरे, तिचं आयुष्य गेलं असेल तिथं. तुला तर तिथली भाषासुद्धा येत नाही."

"सेवा कितीही करीन. पण नर्सच्या हाताखाली नाही."

संपली सेवा. तिकीट रद्द.

वाटलं, आता लाजेनं चार दिवस तोंड लपवेल. कुठलं काय! पुढच्याच महिन्यात एका कार्यक्रमात निवेदक म्हणाला, "आफ्रिकेला सेवेसाठी निघालेले आपले डॉक्टर!" पठ्ठ्या उठला, वाकून नमस्कार केला आणि आणखी एक शाल पांघरून खाली बसला.