सर्व्हरला घातलेलं लोकरीचं कव्हर

चहा निवेपर्यंत आमच्या वारज्याच्या मेहुण्याचं ऐका. शिरीषला आयटीत पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे त्याला घरातलं सोडून सगळं कळतं. "परक्याच्या क्लाऊडवर फोटो कशाला? आपला सर्व्हर आपल्या घरात!" म्हणत त्याने पोळीच्या डब्याएवढा कॉम्प्युटर आणला, टीव्हीशेजारी चोवीस तास चालू ठेवला, मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात भरले आणि फोनमधून पुसून टाकले.

ऐन मे महिन्यात डबा बंद पडला. मी बघायला गेलो, तर त्यावर झालर लावलेलं लोकरीचं कव्हर!

"आई, हे कोणी घातलं?" शिरीष ओरडला.

"मीच विणलं. धूळ बसत होती," त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या. "मिक्सरलाही आहे. त्याने कधी तक्रार केली नाही."

मी विचारलं, "शिरीषराव, फोटोंची दुसरी प्रत असेलच?"

"म्हणजे काय! वेगळ्या डिस्कवर आहे."

"ती डिस्क कुठाय?"

"त्याच डब्यात."

दोन्ही डिस्क भाजून निघाल्या होत्या. साहेब डोकं धरून बसले. सासूबाई आत जाऊन फोटोग्राफरने दिलेला जाडजूड अल्बम घेऊन आल्या. त्यालाही त्याच लोकरीचं कव्हर.

"घे," त्या म्हणाल्या, "हा तापत नाही."