काहून वं

नवऱ्याला कापसाच्या पेठेत कारकुनी मिळाली म्हणून मथुरा साताऱ्याहून अमरावतीला आली होती. आठवा महिना लागला होता आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. विहिरीवर पुढे उभ्या असलेल्या दोघींना ती मागे आल्याचं कळलं नाही.

"काल त्या नव्या पोरीले इचारलं, काहून वं, एकटीच? तर पानी न भरताच गेली."

"पार्वताबाई, तिकडं 'का गं' म्हनतेत, 'काहून वं' नाई. तिले वाटलं असन, तू भांडून राहिली."

"भांडीन कायले? तिचं माहेर दूर. बाळंतपन कोन करन?"

"तूच. गल्लीतली सारी पोरं तुह्याच हातची."

"पन ते पोरगी माह्यासंग बोलन तवा ना."

"काहून वं, पार्वताबाई," मागून मथुरा म्हणाली, "मी नाही कुठे म्हटलं?"

पार्वताबाईनं वळून पाहिलं.

"मंग घागर ठेव खाली. अशा दिवसांत उचलतेत काय?"