फळ्यावर 'म्हणे' लिहायचं नाही

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, आपण बसला आहात ती खुर्ची मी केली आहे. डावा हात टेकताना जरा सांभाळा, पॉलिश कालच्या संध्याकाळचं आहे. अग्निशमन केंद्राहून आलेले प्रमुख पाहुणे, आपल्यासमोरचं टेबल, गच्चीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह, हाताने फिरवून चालणारा रेडिओ आणि जिन्याखालचा चार फूट बाय अडीच फुटांचा काळा फळा, हे सगळं याच हातांचं. कुठल्या शाळेत शिकलो नाही, खोलून आणि मोडून शिकलो. व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या चाळीस बिऱ्हाडांतले बंधुभगिनी आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या ऑपरेटर वहिनी!

वहिनींनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. येत्या रविवारी त्या लेकीकडे कायमच्या राहायला जात आहेत. मला चार गौरवाचे शब्द बोलायला सांगितलं आहे. त्याऐवजी मी एक कबुली देणार आहे.

फळा मी केला, पण त्याला कामाला लावलं वहिनींनी. घरात तीन दिवसांचं पाणी भरलेलं हवं, औषधांची चिठ्ठी हवी, कागदपत्रांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला हवी, हे त्यांनी लिहिलं. कागदपत्रं कुलपाच्या कपाटातच बरी, असं आमची बायको म्हणाली, तेव्हा वहिनी तिला म्हणाल्या, "अगं, पाणी उंबऱ्याला लागल्यावर किल्ली शोधत बसणार का?"

काही वर्षांपूर्वी पूर आला, त्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी खात्याला फोन लावला आणि फळ्यावर लिहिलं : 'नळ बारा वाजता बंद होणार. सांगणारे : खात्याचे अभियंते. वेळ : ७.४०.' आम्ही पंप लावून गच्चीतली टाकी काठोकाठ भरली. दहा हजार लिटर. काठी बुडवून मी स्वतः मोजलं.

दुपारी एकच्या सुमाराला वॉचमन धापा टाकत आला. "साहेब, खालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं म्हणे! तेच वर चढलंय!" मागोमाग इस्त्रीवाला आला, तोही तेच सांगू लागला. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरीच, नाही का? आपण सगळे असंच धरून चालतो की नाही? मी तडक गच्ची गाठली आणि टाकी रिकामी करायला व्हॉल्व्ह फिरवायला लागलो.

गुडघे धरत चार मजले चढून वहिनी आल्या. "भावजी, हात काढा."

"वहिनी, अख्खी इमारत आजारी पडेल!"

"कोण म्हणे?"

"वॉचमन."

"आणि त्याला कोण म्हणे?"

एवढ्यावर थांबतील त्या वहिनी कसल्या! जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यांनी खाली हाका मारल्या. वॉचमनने इस्त्रीवाल्याकडे बोट दाखवलं, इस्त्रीवाल्याने तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडे. शिंपीकाकांनी दारातून मान बाहेर काढली. "अहो, असं काय करता? सकाळी जिन्यात हेच तर म्हणत होते, तुमच्या शेजारी उभे आहेत ते!"

वहिनींच्या शेजारी मी उभा होतो.

मी म्हणालो होतो, "गटार तुंबलं तर टाकीत घाण पाणी शिरेल." माझ्या वाक्यातला 'तर' तीन मजल्यांत कुठेतरी गळून पडला आणि उरलेलं वाक्य माझ्याकडेच परत आलं. सगळा जिना हसला. वहिनी हसल्या नाहीत. "भावजी, लाकूड तुम्ही इंच-सुताच्या हिशेबाने मापता. बोलणं कधी मापणार?"

मग त्यांनी खात्याला पुन्हा फोन लावला आणि मला खालच्या टाकीचं झाकण बघायला पाठवलं. झाकणाखालचं रबर कोरडं ठणठणीत होतं. एक थेंब आत गेला नव्हता.

मंडळी, तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला साडेसहा फेरे लागतात. माझे दोन झाले होते. पुढे तीन दिवस नळाला पाणी आलं नाही आणि शिंपीकाकांच्या सुनेचं बाळ तेव्हा नऊ दिवसांचं होतं. वहिनींचे गुडघे त्या दिवशी आणखी थोडे दुखले असते तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारत नाही. ते बाळ आता पहिल्या रांगेत बसून माझ्या भाषणाचा कागद मागतं आहे. देतो रे, दोन मिनिटं!

तेव्हापासून फळ्यावर 'म्हणे' बंद आहे. कोण बोललं आणि किती वाजता, हे नसेल तर खडू उचलायचा नाही.

गेल्या बैठकीत वहिनींनी खडू टेबलावर ठेवून विचारलं, "आता कोण?" सगळे पंख्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे की!" वहिनी म्हणाल्या, "आहे ना. त्यात रोज तीनशे म्हणे येतात."

खडू मी उचलला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही?"

"मीच. चूक कुठून शिरते ते मला आतून ठाऊक आहे."

वहिनी, तुम्ही निश्चिंत मनाने जा. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि खुर्च्या मांडणाऱ्या सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर पोटात घाला.

आणि एक. फळा लिहिणारा माणूस संकटात इमारतीत हवा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पंप कारखान्याने मला मुख्य कारागीर म्हणून बोलावलं होतं, राहायला आवारातच घर देऊन. परवा मी त्यांना नकार कळवला. पगाराचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही, म्हणून इथे, इतक्या साक्षीदारांसमोर सांगतो : महिना ब्याण्णव हजार पाचशे.