न विसळलेला कप

वल्लरी : पण मला सायकल येत नाही, प्रबोध.

प्रबोध : लग्नात कोण चालवायला लावणार आहे? आपली ओळख कशी झाली, हे पडद्यावर दाखवायला ऋचाला चार ओळी हव्यात. ईस्ट कोस्ट पार्क, तुझ्या सायकलची चेन पडली, मी बसवून दिली. संपलं.

वल्लरी : तुझी सख्खी बहीण आहे ती. तिला खरं माहीत आहे.

प्रबोध : म्हणूनच आईने तिला दम दिलाय. 'मित्राला स्मशानात पोचवून पोरगं घरी आलं आणि ही डबा घेऊन दारात उभी, हे मांडवात सांगणार? शुभ बोल नाऱ्या.' तुझी कॉफी गार होतेय.

वल्लरी : होऊ दे. दिवसभर हार्बरफ्रंटच्या ऑफिसात मीटिंगा, मधेमधे तुझ्या आईचे साड्यांचे फोटो. माझंही डोकं चालत नाहीये. पण सायकलच्या गोष्टीत निशिकांत कुठे आहे?

प्रबोध : नाहीये. तेच हवंय आईला.

वल्लरी : मी लिहिते तुझ्या ऋचाला, ऐक. 'प्रबोधचा रूममेट निशिकांत अचानक गेला. त्याची आई कराडहून परदेशात एकटी आली. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, पाया लेबारच्या त्यांच्या फ्लॅटजवळ कोणी मराठी बाई आहे का, त्यांच्यापाशी बसायला. मरीन परेडहून मी गेले. दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून पिठलं-भात घेऊन गेले.'

प्रबोध : पिठल्यात मीठ नव्हतं, तेही लिही.

वल्लरी : ते नाही लिहिणार. आणि तू दोनदा घेतलंस.

प्रबोध : मला काही कळतच नव्हतं. त्याचा चहाचा कप सिंकमध्ये तसाच होता, तो गेला त्या सकाळी त्यानेच ठेवलेला. माझा हात जाईना. तू विचारलंस, 'हा विसळू का, की राहू दे?'

वल्लरी : तू राहू दे म्हणालास.

प्रबोध : आणि तू राहू दिलास. मग रोज येऊन बाकी सगळी भांडी घासायचीस, तेवढा कप सोडून. तिथेच तू आवडलीस मला. आणि लाजही वाटली. मित्र गेलाय, आणि मी बेल कधी वाजते याची वाट बघतोय.

वल्लरी : हे कधी बोलला नाहीस.

प्रबोध : बोलण्यासारखं आहे का? त्यापेक्षा सायकल बरी. आईशी परत वाद घालायची ताकद नाही माझ्यात. पाठवून दिलंय मी ऋचाला.

वल्लरी : मला न विचारता? अरे, स्मिताकाकू येणार आहेत. स्वतःच्या मुलाला वगळलेली गोष्ट त्यांनी समोर बसून ऐकायची?

प्रबोध : त्यांनाही बरंच वाटेल. चारचौघांत खपली कशाला काढायची?

(वल्लरीचा फोन वाजतो.)

वल्लरी : त्यांचाच आहे. स्पीकरवर टाकते. काकू, बोला. प्रबोधपण आहे इथे.

स्मिताकाकू : बरं झालं की. पत्रिका मिळाली बघ. प्रबोधच्या आईंचा फोनपण आलेला. गोड बोलल्या. म्हणाल्या, या नक्की, फक्त तेवढा विषय नको, शुभकार्य आहे.

प्रबोध : काकू, आईला तसं म्हणायचं नव्हतं.

स्मिताकाकू : म्हणू दे की. चुकलं काय त्यांचं? म्हणूनच फोन केला. बायका विचारणार, तुम्ही कुणाकडच्या, यांचं कसं जमलं. काय सांगायचं ते सांगून ठेवा, माझ्या तोंडून भलतं जायला नको.

प्रबोध : सायकल चालवताना ओळख झाली, असं ठरलंय.

स्मिताकाकू : सायकल. बरं. सांगीन तसं.

वल्लरी : काकू? आहात ना?

स्मिताकाकू : आहे की. काय आहे बाळा, इथं त्याचं नाव काढलं की माणसं गप्प होतात. मान खाली घालतात, चहा तसाच ठेवून उठतात. तुमचं ठरलं तेव्हा मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटले, आमच्या निशिकांतच्या घरी जमलं यांचं. तो गेल्यापासून पहिल्यांदा त्याचं नाव काढल्यावर कुणी हसलं. तेवढंच माझ्याकडं होतं. असू दे. सायकल तर सायकल.

वल्लरी : प्रबोध.

प्रबोध : काकू, सायकल नको. ते मी उगाच ठरवलं होतं. तुम्ही गल्लीत सांगता तेच मांडवात सांगा. आणि कुणाकडच्या विचारलं, तर मुलाकडच्या म्हणा.

स्मिताकाकू : आई रागावतील रे.

प्रबोध : रागावू दे. मी बोलतो तिच्याशी, आजच बोलतो. वल्लरी, ते मघाचं पाठव ऋचाला. मिठासकट.

स्मिताकाकू : मीठ नव्हतंच त्यात. मी मुकाट्यानं खाल्लं. प्रबोध, त्याचा तो कप टाकलास का रे?

प्रबोध : नाही काकू. तसाच आहे. कागदात गुंडाळून कपाटात ठेवलाय.

स्मिताकाकू : मग आता विसळ. आणि लग्नाला येताना घेऊन ये. मांडवात मला चहा त्यातच दे.