राजाची न्हाणी

आमी लमान. फुलसावंगीच्या पल्याड डोंगराच्या पोटाशी आमचा तांडा हाय. आता आमी वावरं करतो, पन माह्या सासऱ्याच्या आज्यापावतर आमची लदेनी होती, म्हंजे बैलायच्या पाठीवर गोन्या टाकून मीठ अन् धान्य या मुलखातून त्या मुलखात न्यायचं काम. शेकड्यानं बैल चालत, अन् साऱ्यायच्या म्होरं एक चाले, गयात मोठी घंटा, तो जिकडं जाईन तिकडं सारे. त्याचं नाव राजा. हे ध्यानात ठेवजा बरं, राजा हे बैलाचं नाव होतं, साऱ्या भानगडीचं मूय तेच हाय.

तर एका उन्हायात लदेनी इकडून जाऊन राह्यली होती, पानी नाही, मानसं नाही अन् जनावरं नाही, कोनाच्याच जिवात जीव नाही. अन् राजा या डोंगराखाली बसला. उठवलं तं उठेना, पायानं नुसती माती उकरून राह्यला. तठी खंदलं तं पानी लागलं. काय सांगू तुमाले, सारा तांडा जगला. मंग नायकानं ते पानी दगडानं बांधलं. एका अंगाले पायऱ्या नाही केल्या, उतार केला, बैलाले उतरता आलं पायजे म्हनून. वरतं एक चपटा दगड मांडला, त्याच्यावर बैलायसाठी मीठ ठेवत. चाटून चाटून तो दगड मधात खोलगट झाला हाय, आजबी हात फिरवून पाहा. राजा तठीच मेला, तठीच त्याले पुरलं, अन् तांडा तठीच बसला. तवापासून घरातला चांगला बैल असला का त्याचं नाव राजाच ठेवते. माह्या दारातबी राजाच हाय.

नागपूरचं राज गेलं, आमाले मुंबईच्या राज्यात टाकलं, मंग महाराष्ट्र झाला. आमाले काय, जीपा तेवढ्या वाढल्या. अशीच एक जीप आली, दोन सायब उतरले, फितीनं दगड मोजाले लागले. म्हने जिल्ह्यात पाहन्यासारखं काय काय हाय त्याचं पुस्तक काढून राह्यलो, कयंबच्या चिंतामनी गनपतीपासून सारं लिवतो. माहा सासरा तवा तांड्याचा नायक, आमी त्याले बापू म्हनो. त्याले मराठी येत नव्हती. मले बाजारात लाकडाच्या मोया विकून विकून येत होती. म्हनून घुंघट वढून मी मधात उभी राह्यली.

सायबानं इचारलं, हे कोनासाठी बांधलं? बापू म्हने, राजा सारू. म्या सांगतलं, राजासाठी बांधलं. सायब म्हने, कोनता राजा? बापूच्या डोयाले पानी आलं. म्हने, तसा राजा पुन्हा होनार नाही, सारी लदेनी त्याच्या मागं चाले, तो आमच्यासाठी झिजला अन् अठीच मेला. म्या शब्दाले शब्द तसंच सांगतलं. सायबानं डोक्यावरची टोपी काढली. मले वाटलं, किती भला मानूस, बैलासाठी टोपी काढली!

बैल हा शब्द म्या काढलाच नाही. कायले काढू? तांड्यात कोनी राजा बैल म्हनत नाही, राजाच म्हनते. घरच्या मानसाच्या नावाम्होरं कोनी मानूस असं लावते का? पन माहंच तोंड होतं ना ते. त्याच तोंडाचा मले अजून राग येते.

सालभरानं बोर्ड लागला. शायेच्या मास्तरानं वाचून दाखवला, राजाची न्हाणी, पाहण्यासारखे ठिकाण. बापूले एवढा आनंद झाला का त्यानं तांड्याले गूय वाटला. म्हने, सरकारनं आपल्या राजाचं नाव काढलं. अन् चैतात त्यायनं तारेचं कुंपन घातलं, फाटक लावलं, चौकीदार बसवला. जनावरं घान करते म्हने! ज्यायच्यासाठी पानी बांधलं त्यायचीच घान! आमची ढोरं दोन कोस दूर नाल्यावर जाऊ लागली, भर उन्हात, गाभन गाईसुदा.

बापू आपला राजा घेऊन फाटकावर गेला. मी संगं होती. चौकीदार म्हने, राजाच्या पान्यात ढोर घालतं का? बापू म्हने, अरे, हाच तं राजा. म्या मराठीत सांगतलं. चौकीदार पोट धरून हासला, म्हने, म्हतारा चयला. त्या दिसापासून बापू त्या पान्याकडं फिरकला नाही. मरताना पानी मांगतलं तं म्या धावत जाऊन तठचंच पानी आनलं. तोंड फिरवलं त्यानं. म्हने, नाल्याचं आन. नाल्याचं आनेपावतर तो गेलता.

मी हापिसात गेली. म्हनलं, सायेब, राजा म्हंजे बैल, माही चूक झाली, दुरुस्त करा अन् आमच्या ढोरायले पानी पेऊ द्या. तो हासला. म्हने, बाई, पुस्तक छापून झालं, अन् बैलाचं पानी पाहाले कोन येईन? म्हंजे खरं त्यायले पायजेच नाही! लोकं येते, मास्तर त्यायले सांगते का या उतारावरून रानीची पालखी उतरे. रानी! अन् मिठाच्या दगडाले म्हनते राजाचं सिंहासन. बाया त्याच्यावर फुलं वाहते, डोकं टेकते. जिथं बैलायनं जीभ घासली तठी! एका बाईनं तं मलेच दगडापाशी उभं केलं, माहा घागरा पाहून फोटो काढला, म्हने, राजाच्या दासी अशाच असतीन. मी दासी! माह्या नायकाच्या पान्यावर!

या चैतात माहं डोकं फिरलं. आमची एक गाय नाल्याच्या वाटंवर पडली ते उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी दोन जीपा उभ्या पाह्यल्या, अन् म्या राजाच्या गयात बापूनं जपलेली ती जुनी घंटा बांधली. चौकीदार आडवा आला. म्हनलं, सरक, नाहीतं शिंगावर घेईन तो. सरकला. हा राजा कुंपन झाल्यावर जनमला, तठी कधी उतरला नव्हता, पन उतारावरून असा गेला जसा रोजचाच. पोटभर पानी पेला. वर येऊन सिंहासन चाटलं, वरची झेंडूची फुलं खाल्ली, अन् पाहुन्यायच्या म्होरं ऐटीत मुतला. बाया किंचायल्या. म्हनलं, वरडता कायले? राजाची न्हाणी पाहाले आले ना? मंग पाहा, राजा आला! घंटा आयकून तांड्याची सारी ढोरं मागं आली, त्या दिवशी साऱ्यायनं पानी पेलं.

फाटकाले आता कुलूप हाय. मले हापिसाचा कागद आला, सोमवारी बोलावलं. जातो ना, राजाले घेऊनच जातो, पाहून घेऊ दे सायबाले. बोर्ड काढा म्हननार नाही मी. त्याच्यावर लिवलेलं खरंच हाय, वाचनारे खोटे हायेत.

तुमी भले, एवढं आयकलं, तुमच्या दारची ढोरं सुखी राहो. पन उठाच्या आधी तुमी हे ज्याच्यावर लिवलं तो कागद मले वाचून दाखवा. राजा लिवलं? त्याच्याम्होरं बैल लिवा. मागच्या टायमाले माह्याकडून राह्यलं होतं.